रांजणातला खर्ज

१

द्राक्षतोडणीचे दिवस आले की लमारा रुस्तावीच्या घराला कुलूप लावायची, किल्ली शेजारणीच्या हातावर ठेवायची आणि माहेरी, काखेती मुलखाकडं जाणारी मिनीबस धरायची. नवरा होता तेव्हाही जायची, नवरा गेल्यावरही जात राहिली. शेजारीण दर वर्षी म्हणायची, "तू नाही गेलीस तर भावाची द्राक्षं काय वेलीवरून उतरायची नाहीत?" लमारा म्हणायची, "उतरतील गं. पण रुसून उतरतील."

घाट ओलांडला की हवेचा वास बदले. गोड, आंबूस, जिभेला चिकटणारा. खाली अख्ख्या मैदानात घरोघर द्राक्षं तुडवायला काढलेली. पलीकडं डोंगरांच्या माथ्यावर नव्या बर्फाची पांढरी किनार. तोवर बसमधली माणसं तोंडाला कुलूप लावून बसलेली असायची, पण वास नाकात शिरला की एकमेकांच्या पिशव्यांत डोकावू लागायची.

"कुणाची गं तू?"

"ओथारची थोरली."

"कुठला ओथार?"

"रांजण धुणारा."

"असं होय. मग आधी सांगायचं ना." आणि लगेच हातावर अक्रोड ठेवला जायचा.

बाप जाऊन किती काळ लोटला होता, पण त्या बसमध्ये त्याचं नाव अजून चालत होतं. लमाराला ते फार गोड लागायचं. शहरात तिला कुणी कुणाची म्हणून विचारत नसे.

फाटकाशी जुमबेर उभा होता, तिचा धाकटा भाऊ. साठीला टेकला तरी अंगावर मांस नाही, वाऱ्यावर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा. त्याच्या मागं त्याची बायको दोदो, हात कणकेचे.

"वन्सं, वाळलात हो," दोदो म्हणाली.

"माझं काय घेऊन बसलीस? ह्याला बघ. ह्याला तू खायला घालतेस की नुसतं दाखवतेस?"

"त्याला देवानंच तसा ठेवलाय. रांजणाच्या तोंडातून जायला एक तरी माणूस हवा की गावात."

जुमबेर हसला आणि तिची पिशवी घेतली. "चल अक्का. चुलीवर मटण आहे."

२

सकाळी ओसरीवर भाकरी, मीठ लावलेलं चीज आणि टोमॅटो असा पसारा मांडून तिघं बसली होती. दोदो एकीकडं अक्रोड दोऱ्यात ओवत होती.

"यंदा थोरला रांजण काढायचाय," तिनं सुईवरची नजर न उचलता सांगितलं.

लमाराचा घास थांबला. "का? धाकटे फुटले?"

"फुटतील कशानं? वसंतात पाहुणे येणार आहेत, परदेशातले. घरातला सगळ्यात जुना रांजण आमच्यासमोर उघडा म्हणाले. मी हो म्हणून बसले."

"तू हो म्हणालीस. उतरणार कोण?"

"ज्याला जाड होता येत नाही तो," जुमबेर म्हणाला. "आणि यंदा द्राक्षही उदंड आलंय अक्का. धाकट्यांत मावत नाही. नाहीतरी काढावाच लागला असता."

थोरला रांजण बापाच्या माघारी कुणी उघडला नव्हता. त्यात काही गूढ नव्हतं. वेली म्हाताऱ्या झाल्या, द्राक्ष घटत गेलं, एवढा मोठा रांजण भरायला पुरेना. म्हणून तोंडावर शिळा ठेवली ती ठेवली. ओथारही काही त्या रांजणात गेला नव्हता. हिवाळ्यात, आपल्या पलंगावर, भिंतीकडं कूस बदलून गेला होता बिचारा.

घराच्या पोटात मरानी होती, रांजणघर. दगडी भिंती, मातीची भुई, आणि भुईत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण. वर फक्त तोंडं. लहानपणी लमाराला वाटे, ही विहिरीची पिल्लं आहेत, मोठी झाली की पाणी देतील.

रांजण धुणं म्हणजे जिवाशी खेळ. तळाशी वाईट हवा साचते. ती दिसत नाही, तिला वास नाही. आतला माणूस बसल्या जागी झोप लागावी तसा जातो. म्हणून आत उतरणाऱ्यानं गात राहायचं आणि वरच्यानं ऐकत राहायचं. गाणं अडखळलं की हाक मारायची. थांबलं की दोर ओढायचा, मग काही विचारत बसायचं नाही.

ओथार गावभरचे रांजण धुवायचा आणि वर ऐकायला लमाराला बसवायचा. त्याचा आवाज खर्जाचा. त्या मुलखात गाणं तीन सुरांचं: एक पुढं चालतो, दुसरा त्याच्या खांद्यावरून डोकावतो, आणि बाकीचे खाली खर्ज धरून उभे राहतात, जमिनीसारखे. "एकट्यानं गाणं म्हणजे एकट्यानं लग्न लावणं," ओथार म्हणायचा. म्हणून तो खालून खर्ज लावी आणि लमारा काठाशी पालथी पडून वरचा सूर धरी. मधे चेरीच्या सालीच्या कुंच्याची खसखस. गाण्याला शब्द नव्हते, नुसते हुंकार. मधेच तिला भीती वाटायची. ती विचारायची, "बाबा, झालं का?"

खालून यायचं, "अजून थोडं, बाबा."

तिकडं आईबाप लेकराला लाडानं आपल्याच नात्यानं हाक मारतात. आई मुलीला आई म्हणते, बाप लेकीला बाबा म्हणतो. ऐकणाऱ्याला कळू नये कोण कुणाचं लेकरू.

तो खर्ज जुमबेरकडं मात्र आला नाही. त्याचा आवाज वरचा, पातळ, वेलीच्या तणाव्यासारखा. बापाला त्याचं वाईट वाटायचं. जुमबेरला बापाहून जास्त.

३

शिळा दोघांनी पहारीनं सरकवली. लमारानं सवयीनं तोंड बाजूला केलं. इतकी वर्षं बंद राहिलेल्या रांजणातून बुरशीचा भपका यायला हवा होता, नाहीतर व्हिनेगरचा, आणि त्यामागून तळघराचा गारवा.

तसलं काही आलं नाही. ऊब आली. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणात हात घालावा तशी.

"उन्हाळाभर छप्पर तापलंय," जुमबेर म्हणाला.

"हो, छप्परच असेल." लमारानं शेजारच्या रांजणाच्या काठाला हात लावून पाहिला. तो गार होता. तिनं हात झग्याला पुसला. म्हातारपणी हाताला काय कळतं, असं मनाशी म्हणाली.

मेणबत्ती दोरीला बांधून आत सोडली. ज्योत तळापर्यंत सरळ गेली, हललीही नाही. हवा चांगली होती. जुमबेरनं काखेखालून दोर बांधला, दोराचं दुसरं टोक तुळईच्या कप्पीवरून लमाराच्या हाती दिलं आणि शिडीवरून उतरला. आधी एक खांदा, मग डोकं, मग दुसरा खांदा. रांजणानं त्याला सावकाश गिळलं.

"अक्का, कुंचा दे. आणि झोपू नकोस."

"तू गा. मला झोप येईल असं गाऊ नकोस म्हणजे झालं."

तिनं शिडी वर ओढून घेतली. खालून कुंच्याची खसखस सुरू झाली, आणि मग त्याचा तो पातळ सूर.

४

गाणं जुनंच होतं, बिनशब्दांचं. लमारा काठाशी बसली. गुडघ्यांनी कुरकूर केली म्हणून पोतं घातलं आणि आडवी झाली, लहानपणी व्हायची तशी. दारातून ऊन आत येऊन भुईवर लांब पडलं होतं. बाहेर कोंबड्या, दूर कुणाच्या तरी ट्रॅक्टरची भुर्र. सगळं जागच्या जागी होतं.

बराच वेळ तिला कळलंही नाही की तिला एवढं बरं का वाटतंय. मग कळलं. गाण्याखाली खर्ज होता.

रांजण घुमतोच. मातीचं पोट आहे ते; आत शिंकलं तरी घुमतं. तिनं मनाला तेच सांगितलं आणि मनानं ऐकलंही. पण मग जुमबेर श्वास घ्यायला थांबला, बादलीतलं पाणी भिंतीवर उडवलं, खोकला. तेवढ्या वेळात त्याच्या गळ्यातून सूर नव्हता. खर्ज होता.

तिनं तोंड काठाशी नेलं. "अरे, तू एकटाच गातोयस ना?"

"नाही. गावजेवण आहे खाली."

"खरं सांग."

खालची खसखस मंदावली. मग तो म्हणाला, "आज रांजण साथ देतोय अक्का. ऐकलंस? अशी कधी दिली नव्हती कुठल्या रांजणानं." त्याच्या आवाजात भीती नव्हती. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोराचा असतो तसा आवाज होता.

"घुमतोय," लमारा म्हणाली.

"हो, घुमतोय. गाऊ दे."

तो गाऊ लागला आणि न ठरवता लमाराही लागली. तिनं त्याच्या खांद्यावरून डोकावणारा मधला सूर धरला. तीन सूर झाले. मरानीच्या भिंती, तुळई, टांगलेल्या लसणाच्या माळा, सगळं त्या तीन सुरांच्या आत आलं. तिला आईच्या हातची गरम भाकरी आठवली, तुडवणीच्या लाकडी डोणीत बापाच्या पायाला चिकटलेली सालं आठवली, पाळण्यातला जुमबेर आठवला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. कोण बघतंय?

५

दोदो लांब दांडा घेऊन आत आली. शेजारच्या धाकट्या रांजणांत आठवड्यामागं भरलेलं द्राक्ष आंबत होतं. वर सालींची साय धरते, ती दिवसातून वरचेवर खाली दाबावी लागते, नाहीतर वाइन बिघडते.

"आत्ता नको गं," लमारा गाणं तोडून म्हणाली. "माणूस खाली आहे. साय फोडली की वाईट हवा सुटते, खाली वाहत येते."

"गातोय की तो." दोदोनं कान दिला आणि कौतुकानं मान डोलावली. "आज कसला आवाज लागलाय त्याचा. लग्नात असा लागला असता तर माझ्या बापानं एवढे आढेवेढे घेतले नसते." तिनं पहिल्या रांजणाचं झाकण काढलं, दांडा घातला. फस्स करून फेस वर आला. मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. काम उरकून ती अक्रोडांकडं निघून गेली.

लमारानं नको म्हटलं होतं खरं, पण उठून तिचा हात धरला नाही. गाणं चालू होतं ना. गाणं चालू आहे तोवर माणूस आहे. हे त्या घरात पाळण्यात शिकवलेलं.

कधीतरी तिनं मधला सूर सोडून वरचा घेतला. लहानपणी तिचा तोच असायचा, जीभ आपोआप तिकडं वळली. डोळे मिटलेले. हातातला दोर सैल. खर्ज खाली पसरलेला, रुंद, पाय टाकावा तिथं जमीन देणारा.

घशाला कोरड पडली म्हणून ती थांबली, आणि तेव्हा तिला कळलं की वरचा सूर फक्त तिचा होता. जुमबेरचा नव्हता. केव्हापासून नव्हता ते सांगता येईना. खाली खर्ज आणि कुंच्याची खसखस, एवढंच.

"जुमबेर," तिनं हाक दिली. "झालं का?"

"अजून थोडं, बाबा."

ती परत आडवी झाली. खरंच झाली. उत्तर मिळालं होतं, जे मिळायचं तेच मिळालं होतं, आणि तिच्या अंगातली सगळी हाडं त्या उत्तरावर टेकली. साऱ्या आयुष्यात तिला एवढं सुरक्षित वाटलं नव्हतं. झोप आली असती.

मग भुईवरून सरकत आलेल्या उन्हाचा पट्टा तिच्या मनगटावर पडला. मनगट सुरकुतलेलं, डागांचं. ते त्या हाकेला शोभत नव्हतं. ती त्याच्याकडं बघत राहिली.

जुमबेर तिला अक्का म्हणतो.

थट्टा करत असेल. थट्टेखोरच आहे. पण बाप तिला असं म्हणायचा तेव्हा जुमबेर पाळण्यात होता. मोठेपणी ऐकलं असेल. हवेनं डोकं फिरून बापालाच हाक मारत असेल, असंही होतं माणसाचं. तिनं एकेक कारण घासून पाहिलं, आणि प्रत्येक कारण खरं असू शकत होतं. फक्त जुमबेरला खर्ज येत नव्हता.

६

मेणबत्ती तिनं पुन्हा पेटवली. दोरी बोटाला गुंडाळली. ज्योत रांजणाच्या गळ्यातून आत गेली, जरा खाली गेली आणि विझली. फुंकल्यासारखी नाही. मिटल्यासारखी.

जिथं ज्योत जगत नाही तिथं श्वास जगत नाही. आणि गाणं चालू होतं.

भिंतीच्या खिळ्याला जुमबेरची बॅटरी टांगलेली असायची. तिनं ती घेतली आणि श्वास रोखून डोकं काठाच्या आत घातलं. उजेडाचं वर्तुळ भिंतीवरून घसरत तळाला गेलं. जुमबेर भिंतीला टेकून बसला होता, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीवर, हात मांडीत उताणे. तोंड मिटलेलं.

कुंचा त्याच्या हातात नव्हता. कुंचा पलीकडच्या भिंतीवर होता आणि तो चालत होता. सावकाश, वरून खाली, वरून खाली, ज्याला काम येतं आणि घाई नाही त्याच्या हातानं चालावा तसा.

तिनं उजेड आणखी सरकवला नाही. पुढं लोक तिला विचारायचे नाहीत, कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. पण ती स्वतःला विचारायची, का नाही सरकवलास? तिला बघायचं नव्हतं म्हणून नाही. फार बघायचं होतं म्हणून.

ती मागं सरली आणि दोर धरला.

"अजून थोडं, बाबा."

"नाही," लमारा म्हणाली.

दोर ताठ झाला. एकटीच्यानं हलेना. तिनं दोदोला हाक मारली, अशी की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. खालून पुन्हा तेच आलं, या वेळी हळू, लहान पोराला समजवावं तसं, रागावलेलं मुळीच नाही. तिनं जन्मात त्या आवाजाला नाही म्हटलं नव्हतं. ती रडत ओढत होती आणि रडताना म्हणत होती, "त्याला सोडा, त्याला सोडा," आणि कुणाला म्हणत होती ते तिला ठाऊक होतं.

दोदो धावत आली. काय झालं हे विचारण्याआधीच तिनं दोर धरला आणि भिंतीला पाय लावून मागं पडली. कप्पी किंचाळली. जुमबेरचे हात आधी वर आले, मग डोकं, निळसर ओठ. दोदोनं आक्रोश मांडला. त्या आक्रोशात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

पण लमारानं भावाच्या काखेत हात घालून त्याला काठावर घेतला तेव्हा तिचा कान रांजणाच्या तोंडाशी होता. खर्ज अजून होता. मग तो थांबला. संपला नाही, थांबला, जसा माणूस वर बघायला थांबतो.

७

अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली त्याला आडवा केला, तोंडावर पाणी मारलं, पाठीत गुद्दे घातले. तो ओकला, खोकला, मग डोळे उघडून फांद्यांकडं बघत राहिला. दोदो त्याचे पाय चोळत होती आणि शिव्या देत होती, त्याला आणि स्वतःला आळीपाळीनं.

"मी साय दाबली. माझीच अक्कल गेली. पण तू गात होतास रे मेल्या. मी कानानं ऐकलं, गात होतास."

"जा, त्याला गरम दूध आण," लमारा म्हणाली.

दोदो गेली. जुमबेरनं मान वळवली. त्याचा चेहरा जागा झालेल्या माणसाचा होता, वाचलेल्या माणसाचा नव्हता.

"मी गात नव्हतो अक्का."

"ठाऊक आहे."

"घसा कोरडा पडला म्हणून थांबलो. थांबलो तरी चालूच होतं. मग बसलो ऐकत. म्हटलं, एवढ्या वर्षांनी..." तो पुन्हा खोकला. "तुला बोलला काही?"

लमारानं त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. एक तुटली होती. "नाही," ती म्हणाली.

"मला बोलला. म्हणाला, तुझाही आवाज चांगला आहे." जुमबेर फांद्यांकडंच बघत होता. "जरा घाई केलीस तू."

८

रस थांबत नाही. डोणीत तुडवलेलं द्राक्ष सालींसकट पडलं होतं, त्यावर गांधीलमाशा घोंगावू लागल्या होत्या. दुसऱ्या सकाळी मरानीची दारं उघडी टाकून, ज्योत पुन्हा पुन्हा सोडून बघून, दोदोनं बादलीनं तळाचं पाणी काढलं. धुतलेल्या रांजणाचं शेवटचं पाणी प्यायचं असतं. गढूळ असेल तर रांजण झाला नाही. तिनं ओंजळीत घेतलं, उजेडात धरलं आणि प्याली.

"झऱ्यासारखं आहे," ती म्हणाली. "धुऊन पुरा केला होतास की रे."

जुमबेर अर्ध्यावरही आला नव्हता. तो बहिणीकडं बघू लागला. ती थोरली. भरायचा की शिळा ठेवून कायमचा बुजवायचा, हे तिनं सांगायचं होतं.

लमारानं किती गोष्टी मनाशी घेतल्या. वर्षाचं पीक. पाहुण्यांना दिलेला शब्द. आणि रांजणात माती लोटली की ती कुणाच्या अंगावर पडेल, हेही.

"भरा," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात ती रुस्तावीला परत गेलीच नाही. भावाला बरं नाही, असं शेजारणीला कळवलं. जुमबेर ठणठणीत होता. दुपारी जेवण झालं की तो मरानीत जाऊन बसायचा, आणि तो एकटा राहू नये म्हणून ती त्याच्या शेजारी बसायची. असं ती स्वतःला सांगायची. द्राक्ष आंबताना सगळेच रांजण गुणगुणतात. आंबणं संपलं की गप्प होतात. सगळे गप्प झाले, त्यानंतरही दोघं बसतच राहिली.

९

वसंतात पाहुणे आले. उंच, नम्र, पायांत जाड बूट, आणि बरोबर एक दुभाषी मुलगी. दोदोनं मरानीतच टेबल मांडलं: कोंबडी, अक्रोडाची चटणी भरलेली वांगी, हिरवा पाला, चीज, भट्टीतून काढलेल्या लांब भाकरी. शिळेभोवतीची माती फोडली, शिळा सरकवली. आत वाइन काठाशी आली होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. जुमबेरनं पळीनं पहिला प्याला काढला.

पाहुण्यांनी घोट घेतला आणि बोलणं विसरले. मग त्यांतली एक म्हातारी दुभाषीला काही म्हणाली.

"विचारतायत, खाली पंप चालू आहे का?"

"पंप कसला गं," दोदो हसली. "विजेचा दिवासुद्धा पार त्या कोपऱ्यात आहे."

जुमबेर तमादा होता. टेबलाचा धनी, प्याला कुणाच्या नावानं उचलायचा ते ठरवणारा. त्यानं देवाच्या नावाचा उचलला, पाहुण्यांच्या वाटेच्या नावाचा उचलला. मग सगळे उभे राहिले, कारण आता गेलेल्यांचा होता. त्यानं भाकरीच्या तुकड्यावर वाइनचे थेंब पाडत एकेक नाव घेतलं. आजा. आजी. आई. लमाराचा नवरा. मग थांबला.

"आणि मामंजी," दोदो कुजबुजली. त्यानं भाकरी टेबलावर ठेवली. तिला वाटलं विसरला, म्हणून तिनंच आपला प्याला भाकरीवर कलता केला. लमारानं भाकरीवर तळवा ठेवला. वाइन तिच्या बोटांवर सांडली.

"त्यांना पुढच्यात घेऊ," लमारा म्हणाली.

"पुढचा तर घरात असलेल्यांचा ना, वन्सं?"

"हो."

दोदो एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिली. दुभाषीनं विचारलं, पाहुण्यांना काय सांगू? 

जुमबेर भराभरा पळी चालवू लागला. पाहुण्यांचे प्याले काठोकाठ भरले, रिकामे व्हायच्या आत पुन्हा भरले. "घ्या, घ्या, लाजू नका. त्यांना म्हणावं, घरी न्यायलाही देतो. बाटल्या भरून देतो. गावालाही बोलावू. उन्हाळा सरायच्या आत रांजण रिकामा झाला पाहिजे."

"एवढी कसली घाई?" दोदो म्हणाली. "नवं द्राक्ष यायला अजून केवढा अवकाश आहे."

"रिकामा झाल्याशिवाय धुवायचा कसा?" जुमबेर म्हणाला. तो हसत होता आणि त्याचा आवाज जरा खाली उतरला होता, नेहमीच्यापेक्षा खाली.

लमारानं त्याला अडवायचं ठरवलं. पळी हिसकावून घ्यायची, शिळा सरकवायची, भावाला घेऊन उद्याच्या बसनं रुस्तावीला जायचं. तिनं त्यासाठी हात पुढं केला. मग तिनं हाताकडं बघितलं. हातात तिचा प्याला होता, रिकामा, आणि तो भरून घ्यायला तिनं पुढं धरला होता.